परदेशातील मलेशियन उपाहारगृहात हॉकर पद्धतीच्या नूडल्स : पहिल्या भेटीत काय मागवावे?

यारा_काठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मेलबर्नमधल्या अनेक मराठी कुटुंबांची मलेशियन जेवणाशी ओळख रोटी चनाईने, म्हणजे पापुद्र्यांच्या पराठ्यासारख्या रोटीने, होते आणि तिथेच थांबते, कारण ती आपल्या सवयीच्या चवीची असते. मला मात्र या खाद्यपरंपरेचे खरे वैभव हॉकरांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या, हातगाड्यांवर आणि कोपितियाममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानांत, घडलेल्या नूडल्समध्ये दिसते. कोलंबो योजना या राष्ट्रकुल देशांच्या मदत-कार्यक्रमामुळे १९५०च्या दशकापासून मलायातले, म्हणजे आजच्या मलेशियातले, विद्यार्थी ऑस्ट्रेलियात शिकायला येऊ लागले, त्यांतले बरेच जण इथेच स्थायिक झाले, आणि आज फ्लेमिंग्टन, बॉक्स हिल, ग्लेन वेव्हर्ली अशा उपनगरांत मलेशियन उपाहारगृह शोधावे लागत नाही. त्यांतली काही उत्कृष्ट आहेत. काहींच्या मेन्यूवर मात्र शंभर पदार्थ असतात आणि सगळे एकाच बाटलीतल्या सॉसचे लागतात.

म्हणून प्रश्न असा आहे की, अनोळखी मलेशियन उपाहारगृहात पहिल्यांदा गेल्यावर नूडल्सचा कोणता पदार्थ मागवावा, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याचा हात कळेल?

माझे उत्तर चार क्वे तियाव. तांदळाच्या ताज्या, रुंद, चपट्या नूडल्स डुकराच्या चरबीवर प्रखर आचेत परततात आणि त्यांत कोळंबी, चिनी सॉसेजचे काप, मुगाचे लांब मोड, कुचाईची (लसणाच्या वासाची) पात, अंडे आणि रक्तासारखा लाल रस असलेले छोटे शिंपले पडतात. सोया सॉस आणि वाटलेली लाल मिरची सोडली, तर चूक झाकायला कोणताही मसाला नसतो. आच कमी पडली की मोडांना पाणी सुटते आणि सगळ्याचा ओला लगदा होतो; आच पुरेशी असूनही हात मंद असला, तर नूडल्स कढईला चिकटून तुटतात. शिंपले अगदी शेवटी घालायचे असतात, क्षणभर उशीर झाला तरी ते रबरासारखे वातड होतात. मलेशियातल्या पेनांगचे चांगले विक्रेते एका वेळी एकच ताट परततात, मग समोर कितीही मोठी रांग असो. परदेशातल्या उपाहारगृहाने ही शिस्त पाळली आहे की चार ताटे एकदम कढईत टाकली आहेत, हे पहिल्या घासाला समजते.

आपापल्या शहरांतले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

टेम्सकाठी

उत्तम विषय. लंडनमध्ये युस्टन स्थानकाजवळच्या रोटी किंगमध्ये लोक रोटीसाठी रांग लावतात, पण तिथे चार क्वे तियावही मिळतो आणि स्वयंपाकघर डोळ्यांसमोर असल्यामुळे कढईचे काम पाहता येते. माझी एक साधी पद्धत आहे. जागा मिळाली तर मी स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसतो. कढईवर उलथने आपटल्याचा आवाज थांबून थांबून, प्रत्येक ताटासाठी वेगळा येत असेल, तर तिथल्या परतलेल्या नूडल्स निर्धास्तपणे मागवाव्यात.

कोकणी_रसना

धागाकर्त्यांचा मुद्दा समजला, तरी मी सहमत नाही. चार क्वे तियावमध्ये मनगटाची आणि आचेची परीक्षा होते, हे खरे. पण परदेशातल्या स्वयंपाक्यापुढची खरी अडचण सामग्रीची असते आणि ती परीक्षा पेनांगच्या आसम लाक्सामध्ये होते. लाक्सा म्हणजे मसालेदार रश्श्यातल्या नूडल्स, पण हा लाक्सा नारळाच्या दुधाचा नाही. त्याचा रस्सा माशाचा, आंबट, तिखट आणि पातळ असतो. त्यात तांदळाच्या जाड, गोल, पांढऱ्या नूडल्स असतात आणि वर काकडी, अननस, कांदा, पुदिना व हे-को नावाची कोळंबीची काळी, दाट, गोडसर चटणी घालतात. दमट उन्हाळ्याच्या दुपारी घाम निथळत असताना खाण्याचा हा पदार्थ आहे.

कोकणातल्या माणसाला तो कळायला भाषांतर लागत नाही. त्यातला मासा पुष्कळदा इकान केम्बुंग असतो, आणि तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला आहे. आंबटपणासाठी चिंचेबरोबर आसम कपिंगचे वाळवलेले काप घालतात; ते फळ आपल्या कोकमाच्याच गणातले, म्हणजे गार्सिनिया गणातले. बांगडा आणि आमसूल यांची संगत ज्यांच्या जिभेवर लहानपणापासून आहे, त्यांनी हा लाक्सा खाल्ला की पहिल्या चमच्यालाच ओळख पटते, आणि दुसऱ्या चमच्याला बुंगा कंतान या आल्याच्या कुळातल्या फुलाचा आणि दाउन कसुमच्या पानांचा वेगळा, तीव्र सुगंध येतो, जो आपल्याकडे नाही.

परदेशात नेमकी इथेच तडजोड होते. बांगड्याऐवजी डब्यातला सार्डिन येतो, फुलाऐवजी गवती चहा वाढवतात, हे-को तर कित्येकदा नसतेच. डब्यातला सार्डिन मला चालतो, मलेशियातही घरोघरी वापरतात. पण फूल आणि हे-को नसेल, तर त्याला आसम लाक्सा म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

डार्विनवासी

कोकणी_रसना यांच्या मताला आमच्या गावातून पुस्ती. डार्विनमध्ये शनिवारी सकाळी पॅरपच्या बाजारात लोक न्याहारीला लाक्सा खातात आणि शहरात लाक्साचा स्वतंत्र महोत्सवही भरतो. तो लाक्सा बहुतांशी नारळाच्या दुधाचा असतो. पण इथले हवामान उष्ण कटिबंधातले असल्यामुळे गवती चहा, हळद, आल्यासारखे गलंगल, अगदी बुंगा कंतानसुद्धा परसात वाढते. त्यामुळे सामग्रीची सबब इथे कोणाला सांगता येत नाही.

पीठ_आणि_पाणी

मी अन्नतंत्रज्ञान शिकलो असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आचेविषयी. घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण ३ ते ४ किलोवॉट असते. चिनी स्वयंपाकघरातल्या कढईच्या भट्टीची ताकद त्याच्या कित्येक पट, काही ठिकाणी ३० किलोवॉटच्याही वर असते. कढई झटक्याने वर नेली की तेलाचे सूक्ष्म थेंब ज्वाळेत पेटतात, आणि तापलेल्या लोखंडावर सोया सॉस व पिष्ट करपायच्या बेताला येऊन थांबतात. ‘वोक हेई’ म्हणून जो धुरकट खमंगपणा नावाजला जातो, तो यातून येतो. चार ताटांचा माल एकदम टाकला, तर कढईचे तापमान उतरते, ओलावा वाफ होऊन निघून जाण्याऐवजी तळाशी साचतो, आणि परतण्याऐवजी शिजवणे होते. एकेका ताटाच्या शिस्तीमागचे कारण हे आहे.

परंतु धागाकर्त्यांनी आचेवर जेवढा भर दिला, तेवढाच नूडल्सवर द्यायला हवा. क्वे तियाव तांदळाचे सरसरीत पीठ वाफवून केलेल्या थरांतून कापतात, आणि त्या केल्या दिवशीच वापरायच्या असतात. फ्रिजमध्ये ठेवल्या की त्यांतला स्टार्च पुन्हा घट्ट रचना धारण करतो, नूडल्स कडक होतात आणि परतताना त्यांचे तुकडे पडतात. त्यामुळे ज्या शहरात रोज ताज्या नूडल्स करणारा कारखाना आहे, तिथे चांगला चार क्वे तियाव मिळण्याची शक्यता असते. जिथे सुक्या नूडल्स भिजवून वापरतात, तिथे उत्तम स्वयंपाकीही हतबल होतो. मेलबर्न, सिडनी, लंडन इथे चिनी वस्ती मोठी असल्यामुळे ही सोय आहे. पिवळ्या गव्हाच्या नूडल्सचे तसे नाही. त्यांत आपल्या पापडखारासारखा क्षार घातलेला असतो, त्यानेच त्यांना पिवळेपणा आणि चिवटपणा येतो; त्या बऱ्याच टिकतात आणि दूरवरचा प्रवासही सोसतात. म्हणून लहान शहरातल्या मलेशियन उपाहारगृहात मी पिवळ्या नूडल्सचाच पदार्थ मागवतो.

शाकाहारी_प्रवासी

चर्चा वाचनीय आहे, पण आमच्यासारख्यांनी काय करावे? मी अंडेही खात नाही. सिडनीतल्या एका उपाहारगृहात ‘भाज्यांचा लाक्सा’ असे स्पष्ट लिहिलेले होते. अर्धा वाडगा संपल्यावर चौकशी केली, तेव्हा रश्श्याच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असल्याचे समजले. वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मांसाचा तुकडा नव्हता, म्हणून तो भाज्यांचा होता. मला त्याचा फार त्रास झाला. या पदार्थांचे शाकाहारी रूप मुळात असते का, की ते केवळ परदेशी ग्राहकांसाठी रचलेले आहे?

क्लांग_खोरे

शाकाहारी_प्रवासी, तुमचा त्रास मी समजू शकतो, कारण क्वालालंपूरमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना माझ्या सासूबाईंसाठी हाच शोध मी घेतला आहे. बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी, तिथल्या वाटणांचा पाया असते. ती लाक्सात असते, साम्बालात, म्हणजे मिरचीच्या वाटलेल्या चटणीत, असते, आणि साध्या परतलेल्या पालेभाजीतही असते. म्हणून ‘मांस नको’ असे सांगणे पुरेसे नाही. बेलाचान, सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस आणि चरबी ही चार नावे घेऊन विचारावे.

मात्र शाकाहारी रूप परदेशी ग्राहकांसाठी रचलेले नाही. चिनी बौद्ध आणि ताओ परंपरेत शाकाहाराचे व्रत आहे आणि मलेशियात त्यासाठी वेगळी दुकाने असतात, ज्यांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवतांचा उत्सव होतो आणि तो पुष्कळदा आपल्या शारदीय नवरात्राच्या आसपासच येतो. त्या काळात पेनांगमध्ये रस्त्यांवर पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या उभ्या राहतात आणि करी नूडल्सपासून परतलेल्या क्वे तियावपर्यंत सगळे शाकाहारी मिळते. या व्रताच्या जेवणात अंडेही नसते. तुमच्या शहरात चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृह असेल आणि ते चालवणारे कुटुंब मलेशियाचे असेल, तर अंड्याची तेवढी चौकशी करून तिथला लाक्सा तुम्ही खाऊ शकाल. वाटणात बेलाचानऐवजी आंबवलेले सोयाबीन आणि वाळवलेले मशरूम वापरून खोली आणणारे स्वयंपाकी मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

आता मूळ प्रश्न. होक्कियन-मी (‘मी’ म्हणजे गव्हाच्या नूडल्स) मागवणार असाल, तर आधी कोणता ते विचारा. क्वालालंपूरचा होक्कियन-मी म्हणजे दाट काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या जाड पिवळ्या नूडल्स, वर चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे. पेटालिंग स्ट्रीटवर तो काही ठिकाणी अजून कोळशावर करतात. पेनांगमध्ये त्याच नावाने कोळंबीची डोकी आणि कवचे परतून, उकळून केलेल्या रश्श्यातल्या नूडल्स येतात. सिंगापूरचा प्रकार पुन्हा वेगळा, कोळंबीच्या रश्श्यात मुरवत परतलेला, फिकट रंगाचा. परदेशातल्या मेन्यूवर कुठला वाढला जाईल, यावरून मालकाचे गाव ओळखता येते, आणि ज्या गावचा मालक, त्या गावचे पदार्थ तिथे हमखास चांगले असतात. मी नव्या ठिकाणी गेलो की आधी एवढेच आपुलकीने विचारतो की, ‘तुम्ही मलेशियात कुठले?’ इपोहचे असतील तर कोंबडीच्या रश्श्यातला हॉर फुन, म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, सारावाकचे असतील तर सारावाक लाक्सा, पेनांगचे असतील तर कोकणी_रसना यांचा आसम लाक्सा. पदार्थ आधीच ठरवून जाण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचे वाटते.

यारा_काठ

क्लांग_खोरे, ही सूचना मोलाची आहे आणि मी ती अमलात आणणार आहे. शाकाहारी_प्रवासी यांच्या बाबतीत जे घडले, ते कोणाच्याही बाबतीत घडू नये. मेन्यूवर वाटणातले घटक लिहिणे उपाहारगृहांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

सिंगापूरस्थ

इथे वारंवार ‘मूळ’, ‘खरे’, ‘तडजोड’ असे शब्द येत आहेत, त्यांबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. सिंगापूरमध्ये रस्त्यावरचे विक्रेते १९७० आणि १९८०च्या दशकांत हॉकर केंद्रांत, म्हणजे छताखालच्या खाद्यबाजारांत, हलवले गेले. पाणी, सांडपाणी, स्वच्छता यांची सोय झाली, कोळसा जाऊन गॅस आला. त्याच व्यवस्थेतून उभ्या राहिलेल्या हॉकर संस्कृतीचा युनेस्कोने २०२०मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. म्हणजे ज्याला आपण आज वारसा म्हणतो, तोच एका मोठ्या बदलातून आलेला आहे. आमच्याकडचा चार क्वे तियावही पेनांगपेक्षा निराळा आहे. त्यात तांदळाच्या नूडल्सबरोबर पिवळ्या नूडल्स मिसळतात आणि गोड काळा सॉस घालतात. पेनांगचा माणूस त्याला नाक मुरडतो, पण माझी मुले त्याच चवीवर वाढली आहेत.

मग मेलबर्नच्या स्वयंपाक्याने शिंपले वगळले किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या स्वयंपाक्याने कोंबडीची चरबी वापरली, तर त्याला बिघडलेला पदार्थ म्हणायचे की त्या गावचा पदार्थ? दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनी मलायात येऊन तिथल्या मिरचीशी, बेलाचानशी, नारळाशी जुळवून घेतले, म्हणूनच तर हे पदार्थ जन्माला आले. पुढच्या स्थलांतरात ते जुळवून घेणे बंद झाले पाहिजे, असा आग्रह मला न्याय्य वाटत नाही.

कोकणी_रसना

सिंगापूरस्थ, बदल आणि उणीव यांत मी फरक करतो. नव्या गावात नवी भाजी मिळाली म्हणून ती घातली, हा बदल झाला. हे-को महाग पडते म्हणून ते गाळले आणि नाव तेच ठेवले, ही उणीव झाली; ग्राहकाला माहीत नसते, म्हणूनच ती खपते. तुमच्या सिंगापूरच्या ताटात गोड सॉस कोणीतरी विचारपूर्वक घातला आहे. मी ज्यांच्याबद्दल लिहिले, त्यांनी काही घातलेले नाही, फक्त काढले आहे.

टेम्सकाठी

चरबीचा मुद्दा निघाला आहे, म्हणून लिहितो. मलेशियात बहुसंख्य लोक मुस्लिम असल्यामुळे हलाल चार क्वे तियाव तिथेही सर्रास मिळतो, त्यात डुकराची चरबी आणि सॉसेज नसते. कोंबडीची चरबी किंवा साधे तेल असते. ती परदेशातली तडजोड नव्हे. शिवाय तमिळ मुस्लिमांच्या, म्हणजे मामाक लोकांच्या दुकानांतला ‘मी गोरेंग’ हा परतलेल्या नूडल्सचा स्वतंत्र, पूर्ण विकसित पदार्थ आहे. पिवळ्या नूडल्स, उकडलेला बटाटा, टोफू, टोमॅटो आणि मिरचीचा दाट सॉस, अंडे, वर छोट्या कालामान्सी लिंबाचा रस. भारतीय जिभेला हा पदार्थ पटकन भावतो आणि पीठ_आणि_पाणी यांनी सांगितल्याप्रमाणे पिवळ्या नूडल्स परदेशात धडपणे मिळतात. माझ्या ओळखीतल्या नवागत मराठी मंडळींना मी आधी ‘मी गोरेंग’च खायला घालतो. त्यांनी दुसऱ्यांदा यायची इच्छा दाखवली की मग लाक्सा.

पीठ_आणि_पाणी

टेम्सकाठी यांना पूर्ण अनुमोदन. ‘मी गोरेंग’मध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. टोमॅटोचा सॉस नूडल्सवर सुकून बसला पाहिजे, कडा किंचित करपल्या पाहिजेत. ताटाच्या तळाशी लाल पाणी साचले असेल, तर आच कमी होती.

मांडवीतीर

मी पणजीची, सध्या लिस्बनमध्ये असते. बेलाचानच्या उल्लेखाने राहवले नाही. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११मध्ये, तिथूनच जाऊन मलाक्का जिंकले. १६४१मध्ये डचांनी ते घेईपर्यंत दोन्ही बंदरे एकाच सत्तेखाली होती. आमच्या बाल्चांवचे मूळ अनेक जण मलाक्काच्या बेलाचानमध्ये शोधतात. आज बाल्चांव बहुधा ताज्या कोळंबीचे, व्हिनेगर आणि मिरचीतले लोणचे म्हणून मिळत असले, तरी जुन्या घरांत त्यात सुकी बारीक सुंगटे, म्हणजे कोळंबी, वाटून घालतात, आणि तो वास मला मलेशियन उपाहारगृहाच्या दारातच येतो.

घरी लाक्सा करणाऱ्यांसाठी यातून एक उपयोगाची गोष्ट. बेलाचान मिळाले नाही, तर सुका जवळा कोरडाच खमंग भाजून, मिठाबरोबर बारीक वाटून घ्यावा. आंबवल्याची खोली त्यात येत नाही, पण समुद्राचा वास येतो. आणि बेलाचान मिळाले, तर ते कच्चे कधीही वापरू नये. फॉइलमध्ये गुंडाळून तव्यावर भाजावे. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, हे माझ्या इमारतीतल्या सर्वांच्या वतीने सांगते.

भूक_लागली

हा धागा दुपारी वाचायला घेतला आणि रात्रीचा पिठले-भाताचा बेत घरात एकमताने रद्द झाला. सर्वांचे आभार. लाक्सा किंग, फ्लेमिंग्टन, सात वाजता. कोणी येत असल्यास कळवावे.

यारा_काठ

भूक_लागली, अवश्य जा. तिथला नारळाच्या दुधाचा लाक्सा मेलबर्नमधल्या कित्येक लोकांनी आयुष्यात खाल्लेला पहिला लाक्सा आहे. रश्श्याकडे लक्ष द्या. सुकी मिरची, छोटे कांदे, गलंगल, गवती चहा, हळद आणि बेलाचान यांचे वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतले असेल, तर वरचा लालसर तवंग स्वच्छ आणि सुवासिक असतो. घाई केली असेल, तर कच्च्या हळदीचा आणि कांद्याचा वास रश्श्यात राहतो, आणि तो नारळाच्या दुधानेही लपत नाही. वरचे तौ पोक, म्हणजे टोफूचे तळलेले पोकळ तुकडे, रस्सा पिऊन फुगलेले असावेत.

सिंगापूरस्थ यांच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. चार क्वे तियावमधले शिंपले मेलबर्नमध्ये पुष्कळ ठिकाणी नसतात, आणि तरीही तो पदार्थ मला भरभरून आनंद देतो, जर नूडल्स ताज्या असतील आणि प्रत्येक ताट वेगळे परतलेले असेल. तेव्हा सामग्रीच्या यादीपेक्षा कामाच्या रीतीवर माझा आग्रह राहील. पेनांग राज्याने २०१६पासून हॉकर गाड्यांवर परदेशी व्यक्तीला मुख्य स्वयंपाकी म्हणून ठेवण्यास मनाई केली आहे, तिथल्या पदार्थांची चव टिकावी या हेतूने. त्या चिंतेमागचे प्रेम मला समजते. पण मेलबर्नमध्ये मी खाल्लेला एक अतिशय सुंदर चार क्वे तियाव एका नेपाळी तरुणाने परतलेला होता. त्याचे गुरू पेनांगचे आणि भट्टीमागची त्याची कित्येक वर्षांची मेहनत दिसत होती.

क्लांग_खोरे

त्या कायद्याबद्दल थोडेसे. तिथे प्रश्न राष्ट्रीयत्वापेक्षा वारसदारांचा आहे. म्हाताऱ्या विक्रेत्यांच्या मुलांना पहाटे उठून कोळसा पेटवायचा नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, कारण हे काम शरीर झिजवणारे आहे. तुम्ही ज्या नेपाळी तरुणाचे वर्णन केलेत, तो मला त्या गुरूचा खरा वारस वाटतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहीत आहे. आमच्या भागात भारतीय वस्ती मोठी असल्यामुळे मलेशियन उपाहारगृहांतही अर्धी टेबले आपल्याच लोकांची असतात आणि ‘जास्त तिखट’ हे न सांगताच समजते. दोन गोष्टी मांडतो.

पहिली किमतीची. हॉकर पदार्थ म्हणजे स्वस्त, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की परदेशात त्याची किंमत पाहून लोक नाराज होतात. पेनांगमध्ये जे ताट १० रिंगिटच्या आसपास मिळते, त्यासाठी मेलबर्न किंवा न्यू जर्सीमध्ये १५-२० डॉलर पडतात. पण एका माणसाने एका वेळी एकच ताट करायचे, जागेचे भाडे आणि पगार इथले द्यायचे, आणि अर्धी सामग्री समुद्रापलीकडून आणायची, तर ती किंमत मला रास्त वाटते. धागाकर्त्यांना जी शिस्त हवी आहे, तिचा खर्च ग्राहकाने उचलला पाहिजे. स्वस्तात हवे असेल, तर चार ताटे एकदम परतलेलीच मिळतील.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. माझी आई भारतातून येणार आहे. ती कोंबडी आणि मासे खाते, पण कोळंबी, खेकडे, शिंपले यांची तिला ॲलर्जी आहे. तिला नूडल्सचा कोणता पदार्थ निर्धोकपणे देता येईल? इपोहचा कोंबडीचा हॉर फुन चालेल असे वाटते.

क्लांग_खोरे

एडिसनकर, कृपया थांबा, इपोहचा हॉर फुन देऊ नका. त्यावर दिसते ती कोंबडी, पण रश्श्यात कोळंबीची डोकी उकळतात आणि वर तरंगणारा केशरी तवंग कोळंबीच्या तेलाचा असतो. वांतान-मी सुद्धा टाळा, त्यातल्या वांतानच्या, म्हणजे पातळ पारीच्या पुरचुंड्यांच्या, सारणात कोळंबी असू शकते. लाक्सा आणि होक्कियन-मी देण्याचा तर प्रश्नच येत नाही.

आईंसाठी मी पान-मी सुचवेन. गव्हाच्या पिठाच्या, हाताने तोडलेल्या किंवा कापलेल्या नूडल्स, सुक्या छोट्या माशांचा रस्सा, पालेभाजी, मशरूम आणि वर तळलेले कुरकुरीत मासे. मूळ पदार्थात डुकराचा खिमा असतो, कोंबडीचाही मिळतो. साम्बाल मात्र ताटात येऊ देऊ नका, त्यात हमखास बेलाचान असते. आणि ज्या कढईत किंवा पाण्यात कोळंबी शिजते, त्यातच नूडल्स उकळतात का, हे फोन करून आधी विचारा. गर्दीच्या वेळी नव्हे, दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे स्वयंपाकी स्वतः फोनवर येऊन नीट सांगू शकेल. ॲलर्जी तीव्र असेल आणि उत्तर गोलमाल मिळाले, तर तिथे जाऊ नका.

एडिसनकर

मनःपूर्वक आभार. उद्या तीन वाजता फोन करतो आणि मालक मलेशियात कुठले आहेत, हेही विचारून इथे कळवतो.